पांढरी सात

प्रदीप सर गेल्याचा फोन आला तेव्हा जुनेद कारखान्यात नगांची मापं तपासायचं गेज हातात धरून उभा होता, आणि फोन ठेवल्यावर त्याने आधी हातातला लॉट पूर्ण केला. एकशे ऐंशी नग होते. त्यातले चार त्याने रिजेक्ट करून त्यांना लाल टॅग लावले, सुपरवायझरची सही घेतली आणि मग तळेगाव स्टेशनवर येऊन लोणावळ्याची लोकल धरली. याला कुणी कामसू म्हणेल, कुणी दगड म्हणेल. जुनेद स्वतःला काय म्हणत होता? काहीच म्हणत नव्हता. सगळा घोळ तिथंच होता.

दफनाच्या वेळी तो भिंतीशी उभा राहिला, पाळी आली तेव्हा मूठभर माती टाकली आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. त्या गोष्टीला आता अकरा महिने होत आले होते. जेवण जात होतं, झोप लागत होती, मुलीच्या शाळेतल्या मीटिंगला तो वेळेवर पोचत होता. फक्त कशाचंच काही वाटत नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं. काही वाटत नाही याची भीती मात्र वाटायची, तीही अधूनमधून, पाळी सुटल्यावर गेटमधून बाहेर पडताना.

"एकदा रडून घ्या," त्याची बायको रुमाईसा म्हणायची. "अब्बा गेले तेव्हा आठ दिवस रडत होतात."

"येत नाही," जुनेद म्हणायचा. घराजवळच्या बेगडेवाडीच्या फलाटावर उभं राहून लोकल येत नाही म्हणावं, त्या सुरात. मग रुमाईसाही विषय सोडून द्यायची.

चौदा वर्षं दर शनिवारी तो सरांकडे गिटार शिकला होता. क्लासिकल गिटार, नायलॉनच्या तारांची, नखांनी वाजवायची. लोकलमध्ये ती पाहिली की लोक म्हणतात, "होऊन जाऊ द्या एखादं पिक्चरचं," आणि वाजवली की विचारतात, "छान आहे, पण गाणं कधी सुरू होणार?" सर रेल्वेच्या सिग्नल खात्यातले. तरुणपणी एका गोव्याच्या गार्डाने त्यांना गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, रनिंग रूममध्ये, गिटार शिकवली. रविवारी मात्र ते लोणावळ्यात, रुळांलगतच्या एका छोट्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे, आणि चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत शनिवारी शिकवणी. कौतुक करायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. चुकलं तरी "मोज" आणि जमलं तरी "मोज". म्हणजे मात्रा मोज. चौदा वर्षांत जुनेदला मिळालेली एकूण शाबासकी ही एवढीच.

आणि या चौदा वर्षांत जुनेद रविवारच्या उपासनेला एकदाही बसला नव्हता. कुणी अडवलं नव्हतं, त्यानेही टाळलं नव्हतं. रविवार घरचा, शनिवार सरांचा, असं आपोआप ठरून गेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी फजिती यातूनच झाली.

सरांच्या पत्नी रूथमावशी. माहेर आंदर मावळातलं. लग्न होऊन लोणावळ्यात येऊन पंचेचाळीस वर्षं झाली तरी बोली डोंगरावरचीच राहिली. मे महिन्यात त्यांचा फोन आला.

"जुनेद, पुढच्या म्हयन्यात ह्यास्नी वरीस व्हतंय. चर्चमधी उपासना हाय. तू वाजवशील का?"

"वाजवतो की. काय वाजवू?"

"एकशेबारा."

एकशेबारा म्हणजे गीतांच्या पुस्तकातलं एकशेबारावं गीत. चर्चच्या मंडळीतले लोक त्याला नंबरनेच ओळखत. सर प्रत्येक उपासना त्याच गीताने संपवायचे.

"शब्द नको," मावशी म्हणाल्या. "गायला लागलं की समदी रडत्यात, मंग काय आयकाया येत न्हाई. नुसतं वाजव. पर ह्ये वाजवायचे तसं वाजव." मग त्या म्हणाल्या, "मला ह्यांचा आवाज आठवतो, चालणं आठवतं, खोकलासुदिक आठवतो. वाजवणं आठवत न्हाई रं. वरीस झालं न्हाई तर गेलं बग. तेवडं एकदा कानावर पडू दे."

चर्चमध्ये तरी ऐकायला मिळेल, असं जुनेद म्हणाला. तर नाही. आता तिथं कीबोर्ड आला होता. तो वाजवणारा प्रज्ञेश गुणी मुलगा होता, पुण्याहून परीक्षा देऊन आलेला. पण त्याने एकशेबारा धरलं की तिसऱ्या ओळीत मंडळीचे दोन तट पडायचे. अर्धी माणसं पुढं, अर्धी मागं. चार रविवार ही ओढाताण चालली आणि मग पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या पाद्रींनी, ते गीत यादीतूनच काढून टाकलं. थोडक्यात, जुनेदच्या गिटारवर उतरलं तर उतरलं, नाहीतर सरांचं एकशेबारा या जगातून उठलं.

हे सगळं जुनेदला नीट कळलं. कळायला त्याला कधीच अडचण नव्हती. तो "बरं" म्हणाला आणि त्याने कॅलेंडरवर तारखेला गोल केला.

प्रज्ञेशच्या फोनमध्ये जुन्या नाताळच्या उपासनेचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग निघालं. पंखे, खोकले, कुणाच्या तरी बाळाची कुरकुर, मागून घाट चढणारी मालगाडी, आणि या सगळ्याच्या तळाशी पेटी आणि चाळीसेक माणसांचं गाणं. जुनेदची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी होती. मुलगी शाळेत गेली की तो बाल्कनीजवळ खुर्ची ओढून बसायचा.

गाण्याची चाल गिटारवर आणायची म्हणजे एका माणसाने बिऱ्हाड हलवायचं. चाल वरच्या तारांवर, खर्ज अंगठ्याने खालच्या तारांवर, मधली भरणी उरलेल्या बोटांनी, आणि हे सगळं एकाच वेळी. शिवाय पेटीचा सूर भाता चालेल तोवर टिकतो. गिटारचा सूर छेडला त्या क्षणापासून मरायला लागतो. जिथं सर निवांत लांब सूर धरून ठेवायचे तिथं जुनेदकडे धरायला काहीच नव्हतं. त्याने सूर तुटक होऊ नये म्हणून मध्ये बारीक लहरी घातल्या, मग त्या नाकापेक्षा मोती जड व्हायला लागल्या म्हणून निम्म्या काढल्या. सर पांढरी दोनमध्ये वाजवायचे. पेटीवाल्यांची सुरांना नावं अशीच असतात, सरळ पट्ट्या मोजून: पांढरी एक, पांढरी दोन, काळी एक. तीच पट्टी गिटारवर ठेवायची म्हणून त्याने सर्वांत जाड तार थोडी सैल केली, आणि खर्ज छान भरून आला. काम म्हणून पाहिलं तर काम चोख चाललं होतं. पण आत काही हलत नव्हतं.

अडचण तिसऱ्या ओळीत आली. ओळ लांबलचक. चाल खाली उतरत जाते, खालच्या धैवताला टेकते आणि तिथून परत वर चढते. तो धैवत म्हणजे खालची पांढरी सात. रेकॉर्डिंगमध्ये नेमका तोच सूर नव्हता. पेटी तिथवर यायची, एक भोक पडायचं, आणि मग पुढचाच सूर. त्या भोकात बारीकसा कसला तरी खटका होता. जुनेदने तीन कडव्यांत तिन्ही वेळा ऐकलं. तिन्ही वेळा तेच.

त्याने जुनं छापील सरगमचं पुस्तक मिळवून पाहिलं. तिथं धैवत ठसठशीत छापलेला होता. मग त्याच्या लक्षात आलं, म्हणजे लक्षात आलं असं त्याला वाटलं: सर तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. करंगळी पोचत नसेल. सूर निसटत असेल. आणि भल्या माणसांनी कुणी बोलून दाखवलं नसेल.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही. जुनेदने ते रेकॉर्डिंग एका ॲपमध्ये घालून साफ केलं. पंखे गेले, मालगाडी गेली, खोकले गेले, तो खटकाही गेला. आणि निसटलेला धैवत त्याने गिटारवर जागच्या जागी बसवला. फार सोपं होतं. गिटारची दुसरी तार मोकळी छेडली की तोच सूर येतो. बोटसुद्धा ठेवावं लागत नाही. गेली अकरा वर्षं तो चुकीचे नग वेगळे काढायचं काम करत होता, आणि इथं तर गुरूची चूक झाकायची होती. सरांसाठी आपण एवढं तरी केलं, असं त्याला वाटलं. वाटलं म्हणजे तसा विचार त्याने केला.

उपासनेच्या आदल्या आठवड्यातल्या शनिवारी तो लोणावळ्याला मावशींच्या घरी गेला. दोन खोल्या, रुळांकडे उघडणारी खिडकी. मावशींनी चहा दिला, समोर खुर्चीत बसल्या, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. जुनेदने अथपासून इतिपर्यंत वाजवलं. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही.

मावशींनी डोळे उघडले.

"छान हाय," त्या म्हणाल्या. पाहुण्याच्या घरच्या आमटीला म्हणतात तसं.

जुनेदने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"लय छान हाय. पर ह्यांचं न्हाई."

"कुठं चुकलं मावशी?"

"चुकलं न्हाई, तेच तर. टक कुटं गेलं?"

"कसलं टक?"

मावशी उठल्या, चर्चमधून घरी आणून कोपऱ्यात ठेवलेल्या सरांच्या पेटीवरची चादर काढली, एका हाताने भाता हलवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने एकेक पांढरी पट्टी दाबत गेल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा वाजल्या. सातवी दाबली.

टक.

सूर नाही. लाकडावर लाकूड आपटल्याचा कोरडा आवाज, बस्स. त्यांनी पुन्हा दाबली. टक.

"आमचं लगीन झालं त्या सालापासनं मुकी हाय ही," त्या म्हणाल्या. "आतली पितळंची पट्टी तुटली. बाकीच्या गाण्यात ह्ये चुकवायचे, वरनं न्यायचे. एकशेबारात चुकवता येत न्हाई, वळ तितंच टेकती. मंग ह्ये तशीच दाबायचे. टक."

"मग दुरुस्त का नाही केली?"

"मानूस आला व्हता की दुरुस्तीला. ह्यांनी चा पाजून लावून दिला." मावशी पेटीपाशीच खाली बसल्या. "त्या टायमाला, लग्नाच्या आदी, आमी बाया डोंगरातनं चालत यायचो उपासनेला. मी, माझी आई, माझी चुलती. पहाटं निगायचं, हितं येईस्तवर धाप लागलेली. आन् ती तिसरी वळ ही एवडी लांब. दम पुरायचा न्हाई, आवाज फाटायचा, लाज वाटायची. पट्टी मुकी झाली तशी तितं सूर न्हाई म्हनल्यावर गाता येईना, मंग समद्यांनी तितं दम घेतला. पयल्यांदा वळ धड पार पडली. ह्ये म्हनले, ऱ्हाऊ दे. हिला दुरुस्त केली तर बाया गुदमरतील."

खिडकीबाहेरून एक गाडी गेली. ती जाईपर्यंत दोघंही थांबले. त्या घरात बोलायची रीतच तशी होती.

"मी रेकॉर्डिंग साफ केलं मावशी," जुनेद म्हणाला. "मला वाटलं सरांचं बोट निसटतंय. तो आवाज काढून टाकला."

"साफ केलंस म्हंजे ह्यास्नीच काडून टाकलंस की रं," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि म्हणून ते जास्त लागायला हवं होतं. "तितं तू आमाला श्वाससुदिक घिऊ दिला न्हाईस."

जुनेदचे कान तापले. एवढंच. परतीच्या लोकलमध्ये कामशेत गेलं, वडगाव गेलं, तो खिडकीतून बघत बसला होता. शिष्य म्हणून चौदा वर्षं काढली आणि गुरूची खूण तेवढी नेमकी रिजेक्ट केली, लाल टॅग लावून. याचं आपल्याला वाईट वाटतंय का, हे तो दाबून दाबून तपासत होता. वाटत नव्हतं. फक्त त्याला ती चूक दुरुस्त करायची होती, म्हणजे या वेळी दुरुस्ती काढून टाकायची होती, आणि हातात आठच दिवस होते.

टक म्हणजे काय मोठंसं, असं वाचणाऱ्याला वाटेल. करून बघावं. गिटारच्या पोटावर ठोकलं तर ढोलकी वाजली. बाजूच्या फळीवर ठोकलं तर कुणी टेबल बडवल्यासारखं झालं. नखाने केलं तर पाल चुकचुकली. शिवाय मागच्या तारा घुमत राहायच्या, आणि सरांच्या भोकात घुमणं नव्हतं; तिथं काहीच नव्हतं. मंगळवारी त्याला सापडलं. उजव्या हाताची अनामिका वाकवून, मधल्या सांध्याने, गिटारचा दांडा जिथं पोटाला मिळतो त्या लाकडावर एकदाच टेकवायची. आणि त्याच क्षणी डावा पंजा सगळ्या तारांवर पालथा ठेवायचा. नुसता ठेवायचा, दाबायचा नाही.

टक.

रुमाईसा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि जाऊन दार उघडून पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं.

"कुणी वाजवलं ना आत्ता दार?" ती म्हणाली.

"सरांनी," जुनेद म्हणाला, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःच दचकला.

रुमाईसाने त्याच्याकडे पाहिलं, दार लावलं आणि आत गेली. शहाणी बाई. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. प्रदीप सरांच्या पेटीची खोड त्यांच्या मरणालाही पुरून उरली होती आणि बेगडेवाडीत दुसऱ्या मजल्यावर दार वाजवत होती.

उपासना रविवारी सकाळी दहाला होती. जुनेद पहिल्यांदाच त्या चर्चच्या आत बसला. आत चुन्याच्या भिंती, लाकडी बाकं, चाळीस-पन्नास माणसं. पुढच्या बाकावर पांढऱ्या साडीत रूथमावशी, त्यांच्या शेजारी त्यांच्याच वयाच्या तीन-चार बायका. यांतल्याच काही एकेकाळी डोंगर उतरून यायच्या, हे त्यांच्या पायांच्या टाचांवरून आताही कळत होतं. प्रज्ञेश कीबोर्ड बंद करून खाली येऊन बसला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सरांविषयी चार वाक्यं बोलले, आणि जुनेदकडे पाहून मान हलवली.

त्याने पायाखाली छोटं स्टूल घेतलं, जाड तार पुन्हा एकदा तपासली आणि सुरू केलं.

पहिली ओळ गेली. दुसरी गेली. हात आपापली कामं करत होते. तो मोजत होता. लोक शांत होते, आणि त्याला कळत होतं की ते ऐकताहेत. पण ते एका काचेपलीकडचं कळणं होतं, गेल्या वर्षभराच्या सवयीचं. तिसरी ओळ सुरू झाली. चाल उतरायला लागली, एकेक पायरी, खाली, आणखी खाली. जिथं दुसरी तार मोकळी वाजायची तिथं त्याचा डावा पंजा तारांवर टेकला आणि अनामिका लाकडावर.

टक.

आणि सगळ्या चर्चने श्वास घेतला.

ठरवून नव्हे. कुणी गात नव्हतं, कुणाला गायचं नव्हतं. पण पंचेचाळीस वर्षं ज्या जागी दम घ्यायचा त्या जागी त्या माणसांच्या छात्या आपोआप वर आल्या. म्हाताऱ्यांच्या, पोरांच्या, सगळ्यांच्या. तो आवाज जुनेदने ऐकला. भरलेल्या घरात एकाच वेळी हवा आत ओढल्याचा आवाज, पेटीचा भाता भरतो तसा. आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की आपणही घेतलाय.

आत गेलेला तो श्वास बाहेर येताना सरळ आला नाही. घशात अडकला, मोडला आणि हुंदका होऊन बाहेर पडला. त्याला सरांची आठवण आली. आठवण म्हणजे माहिती नव्हे, आठवणच: पत्र्याच्या खोलीतला त्यांच्या स्वेटरचा वास, चहाचा कप ठेवायची त्यांची पद्धत. सर नाहीत. ते मेले, आणि आपण तेव्हा नग मोजत बसलो होतो. वर्षभर थांबलेलं दुःख एका मात्रेत आलं, आणि मात्रा संपून गेली. पुढचा सूर यायला हवा होता. तो आला नाही. डावा पंजा तारांवर तसाच पडून होता.

मंडळी श्वास धरून थांबली. एक मात्रा, दोन, तीन.

"हां," समोरच्या बाकावरून रूथमावशी म्हणाल्या. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. "आता ह्यांचं."

मग तसेच डोळे मिटून, पेटीशी बसलेल्या माणसाला सांगावं तसं, त्या म्हणाल्या, "मोज."

जुनेदने मोजलं. पंजा उचलला, चढणारा सूर छेडला आणि तिसरी ओळ वर नेली. मंडळीने धरलेला श्वास सोडला. चौथी ओळ वाजवताना त्याला तारा नीट दिसत नव्हत्या, पाणी नाकावरून ओघळून गिटारच्या लाकडावर पडत होतं. अजून दोन कडवी बाकी होती आणि दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे त्याने ते पुसलं नाही.